विरजण लागेपर्यंत टाकी धुऊ नका

प्रश्न : मुलीला नवव्या वाढदिवसाला मासे हवे होते, म्हणून आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी घेतली. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराने घरी येऊन खडी, फिल्टर, दिवा सगळं बसवून दिलं आणि त्याच रात्री मासेही सोडले : चार गोल्डफिश, चार काळ्या मॉली, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला एक सकर. तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी सगळं पाणी काढून टाकलं, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला आणि नवं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी चार निऑन गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं, ते घातलं. तरी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत राहिले. मग परत सगळं पाणी बदललं. आतापर्यंत तीनदा टाकी पूर्ण धुऊन झाली आहे. आज अकरावा दिवस. सगळे निऑन, एक एंजल आणि एक गोल्डफिश गेला. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, त्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून रात्री फिल्टर बंद ठेवते. त्या म्हणतात, माशांनी घरावरचं संकट स्वतःवर घेतलं. मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी टाकीतले मासे मोजते. मी आणखी काय स्वच्छ करू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, पुढचं वाचण्याआधी उठा आणि फिल्टर सुरू करा. आजपासून तो दिवसरात्र चालू राहू द्या. एअर पंप असेल तर तोही लावा. टाकीचा दिवा बंद करा आणि आज माशांना खायला काहीही घालू नका. एवढं झालं की मग निवांत बसून वाचा.

तुम्ही विचारलंय, आणखी काय स्वच्छ करू. काहीच करू नका. तुमचे मासे घाणीने मेलेले नाहीत. तुम्ही निगुतीने तीनदा टाकी धुतलीत, यात तुमची चूक म्हणावी असं काही नाही. भांडं असो, माठ असो की देवघर, बिघडलं की घासूनपुसून लख्ख करायचं हेच आपण लहानपणापासून बघत आलो. टाकी विकणारा माणूस याहून वेगळं काही सांगत नाही. अशी पत्रं मला सतत येतात, फक्त गावाचं नाव बदलतं, आणि प्रत्येक पत्रात शेवटी धुतलेली टाकी आणि रडवेलं लेकरू असतं.

घरी दही कसं लावता ते आठवा. कोमट दुधात चमचाभर विरजण घालता, झाकण ठेवता आणि रात्रभर पातेल्याला हात लावत नाही. मध्येच कुणी ते हलवलं तर दही फुटकं लागतं. दूध ओतून देऊन पातेलं घासलं, तर मग सगळं पहिल्यापासून. माशांची टाकीही अशीच ‘लागावी’ लागते. दह्याला एक रात्र पुरते, टाकीला साधारण चार ते सहा आठवडे. तुमच्या टाकीत विरजण पडलेलंच नव्हतं, आणि जे थोडंफार आपोआप धरू लागलं होतं ते दर वेळी नळाखाली वाहून गेलं.

हे विरजण कशाचं, ते सांगतो. मासा जे खातो त्यातून त्याच्या अंगात अमोनिया तयार होतो. त्यातला बराचसा विष्ठेवाटे नव्हे, तर कल्ल्यांतून, श्वास घेता घेताच बाहेर पडतो. खाली पडून राहिलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत किंवा तलावात तो कुठल्या कुठे पांगतो. तुमच्या टाकीत खडी आणि वरचा मोकळा काठ वजा केला तर जेमतेम 45 लिटर पाणी मावतं, आणि त्यात पहिल्याच रात्री सतरा मासे. पाण्यातच अमोनिया भरून राहिला की माशाच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडायला वाट उरत नाही. कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजल्यासारखी लाल होते, सुजते, आणि मग त्या कल्ल्यांना पाण्यातला प्राणवायूही नीट घेता येत नाही.

जुन्या, लागलेल्या टाकीत हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषारीच आहे. त्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं काही रूप पालटतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. शेवटचं नायट्रेट त्या मानाने सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. आता यातली महत्त्वाची गोष्ट : हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला धरून राहतात. खडीवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजच्या भोकाभोकांत. महिन्याभराच्या स्पंजला हात लावला तर जो तपकिरी, बुळबुळीत थर बोटांना लागतो, तेच तुमचं विरजण. बघताक्षणी धुऊन टाकावासा वाटणारा हा थरच तुमच्या माशांना जगवणार आहे.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, ते या जिवाणूंमुळे नव्हे. उरलेल्या खाण्यावर पोसणारे दुसरे जिवाणू असतात, ते नव्या टाकीत एकदम फोफावतात आणि पाणी ताकासारखं दिसतं. हात न लावता काही दिवसांत ते आपोआप निवळतं. त्या दिवसांत हे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात, म्हणून हवेचे बुडबुडे जोरात हवेत आणि खाणं अगदी थोडं. तुम्ही घाबरून सगळं उपसलंत आणि खडी, स्पंज नळाखाली धरले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो मुळात जिवाणू मारायलाच घातलेला असतो. आपल्या पोटासाठी ते बरंच आहे, पण स्पंजमध्ये नुकतंच बस्तान बसवू पाहणाऱ्या जिवांचा त्यात निकाल लागला. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घातल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. घातलं नसेल तर तोच क्लोरीन आधीच भाजलेल्या कल्ल्यांवरही गेला.

निऑन आधी का गेले, तर ते मुळातच नाजूक. लागलेल्या, मऊ पाण्याच्या टाकीत राहणारा हा मासा नव्या टाकीत घालूच नये. तुमच्या हातून काही वेगळं घडलं असतं तरी पहिल्या रात्री सोडलेले सहा निऑन टिकणं कठीणच होतं.

रात्री फिल्टर बंद ठेवण्याचं कारण मला समजतं. पण स्पंजमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, आणि तो त्यांच्यापर्यंत वाहत्या पाण्यानेच पोचतो. सात-आठ तास पाणी थांबलं की आतले बरेच मरतात, स्पंज आतून नासतो, आणि सकाळी बटण दाबलं की ते नासकं पाणी माशांच्या अंगावर येतं. पहाटे मासे जास्त धापा टाकत असतील तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

आवाजावर उपाय आहेत. एअर पंप भिंतीला किंवा लाकडी फळीला टेकलेला असेल तर ती थरथर घरभर घुमते. जुन्या टॉवेलची चार पदरी घडी करून पंप तिच्यावर ठेवा, मात्र टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, म्हणजे वीज गेली तर नळीतून पाणी उलटं पंपात उतरणार नाही. फिल्टरचं पाणी वरून धबधब्यासारखं पडत असेल तर टाकीतलं पाणी दोन बोटं वाढवा, खळखळ थांबेल. पृष्ठभाग हलका हलत राहिला तरी पुरे. विजेची काळजी असेल तर 8 वॉटचा फिल्टर चोवीस तास चालवून महिन्याला सहा युनिटही होत नाहीत.

सासूबाई हॉलमध्ये झोपतात म्हणजे तिथे रात्री डासांचं लिक्विड लागत असणार. टाकीच्या बोर्डवरच लावत असाल तर आजच काढा. त्यात आणि डासांच्या कॉइलमध्ये जी कीटकनाशकं असतात ती माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशांना अतिशय विषारी असतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे पंपाशेजारी लिक्विड ठेवलं तर आपणच ते नळीने टाकीत घालतो. सासूबाईंना मच्छरदाणी लावून द्या. उदबत्तीही टाकीपासून लांब असू द्या.

निळ्या औषधाबद्दल. ते मिथिलीन ब्लू असणार. औषध म्हणून ते वाईट नाही, बुरशी धरलेल्या माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून द्यायला उपयोगी पडतं. पण मुख्य टाकीत घातलं की बुरशीबरोबर ते चांगल्या जिवाणूंनाही मारतं. तुमच्या माशांना बुरशी झालेली नव्हती, त्यांना श्वास घेता येत नव्हता. आता टाकीत निळसर झाक उरली असेल तर पाणी उपसू नका. फिल्टरमध्ये कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची, छोटी पिशवी ठेवा, चार-पाच दिवसांत रंग उतरेल. कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं राहिलं तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत मी शाळेत असताना क्रॉफर्ड मार्केटमधून एक टाकी आणली होती. तारापोरवाला मत्स्यालयातल्या काचांसमोर तासन् तास उभं राहून आल्यावर घरात तसं काहीतरी असावं असं फार वाटायचं. दर रविवारी सकाळी मी सार्वजनिक नळावर बसून खडी धुवायचो, वाहणारं पाणी आरशासारखं दिसेपर्यंत. टाकी लख्ख दिसायची आणि बुधवार-गुरुवारपर्यंत एखादा मासा उलटा तरंगायचा. आमच्या शेजारच्या खोलीत एक काका होते. त्यांच्या खिडकीत लोणच्याची एक जुनी मोठी बरणी होती, काचेवर हिरवं शेवाळ, तळाशी काळपट गाळ आणि एक पाणवनस्पतीची जुडी. त्यांनी ती कधी धुतलेली मी पाहिली नाही. दोन दिवसांआड तांब्याभर पाणी काढायचे आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तांब्याभर घालायचे. त्या बरणीत गप्पींची पिल्लं व्हायची, ती मोठी व्हायची, त्यांना परत पिल्लं व्हायची. माझ्या आईने एकदा म्हटलंसुद्धा, त्यांच्या घाणीत मासे जगतात आणि आपल्या स्वच्छतेत मरतात. तिला कारण ठाऊक नव्हतं, पण तिने बरोबर पाहिलं होतं. मला ते कळायला पुढे बरेच मासे आणि बरीच वर्षं लागली.

तेव्हा ताई, अकरा दिवस झाले हे विसरा. तिसऱ्या धुण्यानंतर टाकीचा हिशेब पहिल्यापासून सुरू झाला आहे. आता उरलेले नऊ मासे सांभाळत ती लागू द्यायची आहे.

रोज पाणी बदलायचं, पण थोडं. साबणाचा हात कधी लागला नसेल अशी एक नवी बादली फक्त टाकीसाठी ठेवा, 12 ते 15 लिटरची. आदल्या रात्री ती नळाच्या पाण्याने भरा आणि उघडी ठेवा. चोवीस तासांत बराचसा क्लोरीन उडून जातो. त्यावर विसंबू नका, बाटलीवर लिहिलंय त्या मापाने अँटी-क्लोरीनही घाला, ते लगेच काम करतं. दुसऱ्या दिवशी टाकीतून एक बादली पाणी काढा. प्लास्टिकच्या नळीचं एक टोक खडीच्या वर बोटभर अंतरावर धरून तळाची विष्ठा आणि भिजून फुगलेले दाणे तेवढे ओढून घ्या, खडी मात्र उचलून काढू नका. मग नवं पाणी एका ताटलीवर हळूहळू ओता, म्हणजे तळ ढवळणार नाही. आधी दोन्ही पाण्यांत हात घालून बघा, गरम-गार फरक हाताला जाणवता कामा नये. स्पंजला हात लावू नका. पुढे कधी तो फारच चोंदला आणि पाणी जाईना झालं, तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळा, बस.

आरओचं पाणी घालायचा मोह होईल, घालू नका. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि तुमच्या मॉलींना तर क्षार हवेच असतात.

आता विरजण. तुमच्या सोसायटीत किंवा ओळखीत कुणाकडे वर्ष-सहा महिने जुनी टाकी आहे का, ते शोधा. मासे ठणठणीत असतील, अंगावर ठिपके किंवा कापसासारखं काही नसेल, तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज किंवा त्याचा तुकडा मागून घ्या. पिशवीत त्यांच्याच टाकीचं थोडं पाणी घालून ओलाच आणा, वाटेत बाजारहाट करत बसू नका, आणि आल्या आल्या तुमच्या फिल्टरमध्ये स्पंजशेजारी बसवा. हातभर मळका स्पंज मागताना तुम्हाला संकोच वाटेल, पण मासे पाळणारा माणूस आनंदाने देतो. चार आठवड्यांचं काम यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. दुकानात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. काही चालतात, काही उन्हातान्हात ठेवून आधीच मेलेल्या असतात. मिळाला तर जिवंत स्पंजच घ्या.

खाणं दोन दिवस पूर्ण बंद. मासे थंड रक्ताचे, दोन दिवसांच्या उपासाने त्यांना काही होत नाही. नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असं पाळणारे सांगतात, तो अंदाज धरून चिमूट घ्या. मुलगी प्रेमाने जास्त घालते असं दिसलं तर आठवड्याचं खाणं सात पुड्यांमध्ये बांधून तिच्या हाती द्या.

एक अमोनिया तपासायचं किट घ्या, थेंबांचं, कागदी पट्ट्यांचं नको. नायट्राइटचंही मिळालं तर बरं. छोट्या काचनळीत टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मग खिडकीशी, पांढऱ्या कागदासमोर धरून रंग तक्त्याशी ताडायचा. मिळणाऱ्या बहुतेक किटमध्ये लिंबासारखा पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरव्याची झाक आली की आहे, आणि जितका हिरवा गडद तितका धोका. आकडा 0.5 किंवा त्याहून वर दिसला तर त्या दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन बादल्या बदला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. तेव्हा मासे परत वर येऊ लागले तर घाबरू नका. साधं जाडं मीठ दर 10 लिटरला एक सपाट चमचा या मापाने तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं करून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ एकदाच. नंतर जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं घाला, नाहीतर साठत जाईल.

मासे बरे होताहेत की बिघडताहेत हे किटच्या आधी त्यांच्याकडे बघून कळतं. टाकीपासून चार हात लांब बसा, जवळ गेलं की ते खाण्याच्या आशेने येतात आणि खरं दिसत नाही. मॉलीचे पर अंगाला चिकटलेले असतील आणि ती एकाच जागी डुलत, थरथरत राहिली असेल तर तिला पाणी मानवलेलं नाही. गोल्डफिशचं कल्ल्याचं झाकण उचलून आतला लाल भाग दिसत असेल तर अजून त्रास आहे. एंजल कोपऱ्यात तोंड करून उभा असेल तर तो घाबरलाय, त्याच्यासाठी मागच्या आणि एका बाजूच्या काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. सगळेच एकदम वर येऊन धापा टाकत असतील तर दोष पाण्याचा, औषध शोधत बसू नका. एकच मासा वेगळा वागत असेल तर त्याच्या अंगाकडे नीट बघा. परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा खडीला अंग घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, दमलेल्या माशांना तो चटकन धरतो. तसं झालं तर मला लगेच कळवा. तो परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही, तिथून सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो, म्हणून ते औषध ठिपके गेले तरी काही दिवस चालू ठेवावं लागतं.

वीज गेली तर? तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत राहायचं, दर पाच-दहा मिनिटांनी. उन्हाळ्यात याची जास्त गरज पडते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना 7.5 च्या आसपासच. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी 30 च्या वर सहज जातं.

एक कठीण गोष्ट सांगायची राहिली. पाणी उत्तम झालं तरी हे सगळे मासे या टाकीत राहू शकत नाहीत. गोल्डफिश आज अंगठ्याएवढे आहेत, पण नीट जगले तर वीतभर होतात आणि दहा वर्षंही राहतात. ते खातात भरपूर, घाण करतात भरपूर, आणि त्यांना पाणीही बाकीच्यांपेक्षा थंड लागतं. सकर काच साफ करत नाही, स्वतःच घाण करतो आणि फूटभर वाढतो. एंजलला उंच टाकी हवी, आणि तो मोठा झाला असता तर निऑन त्यानेच खाल्ले असते. दुकानदाराने एकाच पिशवीत जे दिलं ते एकत्र राहणारं कुटुंब कधीच नव्हतं. तीन गोल्डफिश आणि सकर याच आठवड्यात दुकानात परत द्या, पैसे मिळोत न मिळोत. टाकीवरचा निम्म्याहून जास्त भार उतरेल. मोठी टाकी असलेलं कुणी भेटलं तर अधिक चांगलं. सकरला तलावात किंवा नदीत मात्र कधीही सोडू नका. तो आपल्या पाण्यातला नाही, तिथे गेला की पसरतो आणि मूळच्या माशांच्या जिवावर उठतो. एंजल सावरला की त्याचंही ठिकाण बघा. चार मॉली तुमच्या 45 लिटरांत सुखाने राहतील. त्यात मादी असली तर महिन्या-दीड महिन्यात तुमच्या मुलीला सुईच्या टोकाएवढे डोळे असलेली पिल्लं जावळासारख्या पानांत लपलेली दिसतील. त्यासाठी थोडी पाणवनस्पती लावून ठेवा, ती अमोनियाही शोषते.

पुढे कधी नवे मासे आणाल तेव्हा एका वेळी दोन-तीनच. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग पेलाभर टाकीचं पाणी तिच्यात घाला, थोडं थांबा, परत घाला, असं अर्धा-पाऊण तास. शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोडा, दुकानाचं पाणी मोरीत.

सासूबाईंच्या बोलण्यात माया आहे. घरातल्यांवरचं काही टळलं, असं म्हणून त्या नातीचं दुःख हलकं करू बघताहेत, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. पण मुलीला मात्र खरं कारण सांगा. नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात, मीच मासे मागितले म्हणून ते मेले, असं घर करून बसू शकतं. तिला सांगा की टाकी अजून लागली नव्हती, आपल्याला ते माहीत नव्हतं, आणि आता आपण ती लावतोय. दह्याची गोष्ट सासूबाईंनाच सांगायला लावा. इतकी वर्षं विरजण जपलेल्या बाईला ती दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर कळेल, आणि मग रात्री फिल्टर बंद करायला त्या स्वतःच कुणाला देणार नाहीत.

मुलगी रोज मासे मोजते, तर तिला त्यासाठी एक वही द्या. तारीख, किती मासे, कोण काय करत होता, किती बादल्या पाणी बदललं, आणि किटच्या काचनळीतल्या पाण्याचा रंग. रंग शब्दांत लिहायला सांगू नका, तिच्या रंगपेटीतल्या खडूने तिथेच चौकोन भरू दे. सुरुवातीची पानं हिरवी होतील. चौकोन सलग आठ दिवस पिवळे आले आणि नायट्राइटही शून्य आलं, की टाकी लागली. तोपर्यंत एकही नवा मासा आणायचा नाही, निऑन तर पहिले सहा महिने नाहीच. वहीचं ते पिवळं पान झालं की मला फोटो पाठवा.